आठ गाई, सोळा जादा डोळे

राटुमोंच्या घरी सकाळच्या लापशीबरोबर जगातल्या कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाचा निष्कर्ष गिळावा लागे. मोबाइल नुसता टेबलावर पडलेला असला, अगदी बंद असला, तरी शेजारी बसलेल्या माणसाचं डोकं कमी चालतं, हा निष्कर्ष त्यांनी एका सकाळी मोबाइलवरच वाचून दाखवला आणि मोबाइल टेबलावर ठेवला. माणसाला रिकाम्या खोलीत एकटं बसवलं तर थोड्या वेळात तो कंटाळून स्वतःलाच विजेचा झटका देऊन घेतो, हा दुसऱ्या सकाळचा. त्यावर माटुमोंनी विचारलं, "हा प्रयोग लग्न झालेल्या बायकांवर केला होता का? रिकामी खोली मिळाल्यावर आम्ही विजेकडे बघितलंसुद्धा नसतं."

राटुमोंचं खरं नाव ओत्सिले सेबेतलेला. ओकावांगो नदीच्या मुलखातल्या माऊन गावी एका माध्यमिक शाळेचे ते उपमुख्याध्यापक. पण थोरला टुमो जन्मला त्या दिवसापासून ते टुमोचे वडील म्हणून राटुमो झाले आणि इस्पितळात नर्स असलेली त्यांची बायको टुमोची आई म्हणून माटुमो. खरं नाव पगाराच्या पावतीपुरतं उरलं. पगार शाळेतून येई, मात्र जीव असे गुरांमध्ये. यात नवल काहीच नाही. शुक्रवारी दुपारची घंटा झाली की त्या शाळेचा निम्मा शिक्षकवर्ग पिकअपमध्ये बसून आपापल्या गुरांच्या वस्तीकडे निघे. उरलेला निम्मा गुरुवारीच आजारी पडलेला असे.

त्या वर्षी टुमोचं लग्न ठरलं होतं. मुलगी रेसेगो, सेहितवा गावची. देज, म्हणजे मुलाकडून मुलीच्या घरी द्यायची गुरं, आठ गाईंचं ठरलं. रिवाजाप्रमाणे बोलणी टुमोच्या मामांनी, म्हणजे माटुमोंचे थोरले भाऊ बासुपी यांनी केली. आणि रिवाजाप्रमाणेच मुलीकडून शेवटचा शब्द तिच्या आत्याचा होता. आत्याबाईंनी पुढच्या महिन्याच्या अखेरचा शनिवार दिला आणि बजावलं, "पहाटे आठ गाई आमच्या वाड्यात. सात आल्या तर चहा पाजून परत पाठवू. पुढचं बोलणं पुढच्या वर्षी."

राटुमोंच्या खिल्लारात देजाला शोभतील अशा तरण्या, धडधाकट गाई होत्या नऊ. बोलणी झाल्यावर त्याच आठवड्यात सिंहानं त्यातली एक खाल्ली. राहिल्या बरोबर आठ. बाकीची म्हातारी-कोवळी गुरं लांबच्या वाड्यात हलवून ह्या आठ त्यांनी वस्तीवर वेगळ्या ठेवल्या. घरात जेवताना टुमोचा घास हातातच राहू लागला. माटुमो म्हणाल्या, "तुमच्या विद्यापीठांपैकी एखाद्यानं सिंहावर काही काम केलंय का बघा. नाहीतर आपला मुलगा विजेचा झटका घेईल."

त्यांनी हे चेष्टेत म्हटलं होतं. राटुमोंना चेष्टा आणि संशोधनाची दिशा यांतला फरक कळत नसे. रविवारपर्यंत त्यांना एका परदेशी वर्तमानपत्रात हवं ते सापडलं. ओकावांगोच्या काठावर, म्हणजे त्यांच्या वस्तीपासून फार लांब नाही अशा भागात, संशोधकांनी काही गाईंच्या मागच्या पुठ्ठ्यांवर डोळे रंगवले, काहींच्या पुठ्ठ्यांवर नुसत्या फुल्या मारल्या आणि काही तशाच कोऱ्या सोडल्या. हा प्रकार चार वर्षं चालला. कोऱ्या गाई सिंहांनी खाल्ल्या, फुलीवाल्याही थोड्या खाल्ल्या. डोळेवाली एकही खाल्ली नाही. सिंह दबा धरून येतो. आपल्याला कुणीतरी बघितलं असं त्याला वाटलं की त्याचा बेत बारगळतो.

"परीक्षेच्या हॉलमध्ये हे तत्त्व मी वीस वर्षं वापरतोय," राटुमो म्हणाले. आपल्याच मुलखातली गोष्ट आपल्याला सातासमुद्रापलीकडून कळावी याचं त्यांना थोडं वाईट वाटलं. ते दुःख त्यांनी लगेच गिळलं, आणि त्या भरात लेखाचा शेवटचा परिच्छेद वाचायचा राहिला. तशीही शेवटचे परिच्छेद वाचायची त्यांना सवय नव्हती. निष्कर्ष कळल्यावर पुढे वाचणं म्हणजे जेवण झाल्यावर पुन्हा पानावर बसणं, असं त्यांचं मत होतं.

बासुपी मामांना हे सांगितलं तेव्हा ते गाडीचं चाक बदलत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "दाजी, सिंहाला पाठ दाखवू नये हे आमच्या आजोबांना विद्यापीठाशिवाय माहीत होतं."

"आजोबांना होतं. गाईंना नव्हतं."

"मग गाईंना शिकवा. शिक्षक आहात."

लेखात लिहिलं होतं की हा रंग काही आठवड्यांत फिका पडतो आणि पुन्हा लावावा लागतो. इथे राटुमोंना संशोधकांची कीव आली. परदेशी माणसं हुशार खरी, पण वस्तू टिकाऊ घ्यावी हे त्यांना कुणी शिकवलेलं दिसत नाही. ते दुकानात गेले आणि सर्वांत टिकाऊ रंग कुठला म्हणून विचारलं. दुकानदारानं पत्र्याच्या छपराचा दाखवला. पाच वर्षांची हमी. उन्हानं उडत नाही, पावसानं उतरत नाही, साबणाला दाद देत नाही.

"छप्पर उतरतं आहे का सपाट?" दुकानदारानं विचारलं.

"उतरतं," राटुमो म्हणाले. "आणि जरा हलतं."

दुकानदारानं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि घराचा पाया तपासून घ्या असा सल्ला दिला.

शनिवारी सकाळी रंगकामाला सुरुवात झाली. जुन्या उशीतला फोम डोळ्याच्या आकारात कापून राटुमोंनी शिक्का तयार केला होता. पांढरा शिक्का आधी मारायचा, मग काळा. गाईला लाकडी खोड्यात उभी करायची, मागे जायचं, दोन्ही पुठ्ठ्यांवर एकेक डोळा उमटवायचा, की पुढची गाय. कागदावर हे काम चहा निवायच्या आत होणारं होतं. पण त्या वस्तीवर कागद वाचणारे एकटे राटुमोच होते. शेजारच्या वस्तीचे राडिनेओ खुर्ची घेऊनच आले. निवृत्त पोस्टमास्तर. बसल्या जागेवरून दुसऱ्याचं काम नीट करून घेणं हा त्यांचा पेशाच होता.

"डोळे लहान वाटतात," राडिनेओ म्हणाले. "सिंहाला चष्मा नसतो."

राटुमोंनी शिक्का मोठा कापला.

"आता गाय घाबरल्यासारखी दिसते. घाबरलेल्या गाईला कोण घाबरणार? भुवई पाहिजे, राटुमो. रागाची भुवई."

भुवईचं काम गुराखी काम्वांगानं अंगावर घेतलं. काम्वांगा पन्नाशीचा होता. गुरं राखण्यात त्याला फारशी गोडी नव्हती, पण हातात ब्रश आल्यावर त्याचा चेहराच बदलला. पहिल्या गाईला त्यानं रागीट भुवया काढल्या. दुसरीला पापण्या. तिसरीच्या डोळ्यांत त्यानं असा काही ओलावा आणला की माटुमो म्हणाल्या, "ही तर माझ्या वॉर्डातल्या त्या बाईसारखी दिसते, जिचा नवरा भेटायला येत नाही."

"काम्वांगा," राटुमो म्हणाले, "सिंहाला दया आणायची नाहीये."

"मालक, दया आली तरी खाणार नाही ना?"

यावर लेखात काही नव्हतं. राटुमोंनी ब्रश काढून घेतला आणि पुढचे शिक्के स्वतः मारायला गेले. चौथ्या गाईला मागे उभं राहून कुणी हात लावलेला आवडत नसे. तिनं ते पायानं सांगितलं. राटुमो उलटे जाऊन ताज्या रंगाच्या शिक्क्यावर बसले, आणि उठले तेव्हा त्यांच्या खाकी पँटला मागे एक टपोरा, काळा, पाच वर्षांच्या हमीचा डोळा होता. हे त्यांच्या लक्षात आलं नाही. राडिनेओंच्या लक्षात आलं. पण पोस्टमास्तर दुसऱ्याच्या पाकिटावर काय आहे ते मोठ्यानं वाचत नाही.

परतीच्या वाटेवर राटुमो नेहमीच्या दुकानात साखर घ्यायला थांबले. आत शिरताना त्यांनी बसलेल्या सगळ्यांना रीतीप्रमाणे नमस्कार केला, सगळ्यांनी त्यांना केला. मग ते साखरेकडे वळले, आणि एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना पुन्हा नमस्कार केला. राटुमोंनी वळून उत्तर दिलं. ते पुन्हा साखरेकडे वळले. बाईंनी पुन्हा नमस्कार केला.

"आजी, आत्ताच झाला की नमस्कार."

"तुमच्याशी झाला, बाळा," म्हातारी म्हणाली. "पण हा बघतोय तर ह्याला तोंड चुकवून कसं चालेल?"

ही घटना माटुमोंनी पुढे प्रत्येक पाहुण्याला सांगितली. पँटवरच्या त्या डोळ्यानं मात्र आपली हमी पाळली.

आता सांगायची गोष्ट अशी, की उपाय लागू पडला. पुढच्याच आठवड्यात सिंह आला. सकाळी काम्वांगाला त्याचे ठसे दिसले. वाड्याभोवती एक पूर्ण चक्कर, एका जागी थोडा वेळ बसल्याची खूण, आणि मग ठसे सरळ राडिनेओंच्या वस्तीकडे गेलेले. तिथे त्यानं राडिनेओंचा लाडका बैल खाल्ला. बातमी कळताच राटुमो भेटायला गेले. दुःखी चेहरा करून गेले होते, पण आठ गाई वाचल्याचा आनंद त्यांना नीट झाकता आला नाही.

राडिनेओ खुर्चीतून उठले नाहीत. "तुमच्या गाईंनी त्याला डोळे वटारले म्हणून तो इकडे आला."

"तो कुठेतरी जाणारच होता, राडिनेओ."

"तुमच्याकडे जाणार होता. पत्ता बदलून माझ्याकडे पाठवलात. चाळीस वर्षं टपाल हाताळलंय मी. ह्याला काय म्हणतात ते मला माहीत आहे."

प्रकरण खोत्लापुढे गेलं. खोत्ला म्हणजे मोठ्या झाडाखालची गावची बैठक. तिथे कोट घातल्याशिवाय पुरुषाला बोलता येत नाही आणि कोट घातल्यावर कुणी थांबत नाही. गावच्या प्रमुखबाईंनी, ज्यांना सगळे कोसी म्हणत, राडिनेओंचं ऐकून घेतलं. बैलाचा स्वभाव, बैलाचे वाडवडील, बैलानं एकदा पुरात काय केलं, सगळं ऐकून घेतलं. मग राटुमोंना विचारलं, "हे खरंच शास्त्र आहे, का तुमच्या गाई नशीबवान आहेत?"

इथे एखादा साधा माणूस "नशीब" म्हणून सुटला असता. राटुमो शिकलेले होते. शास्त्राचा अपमान त्यांना सहन झाला नाही. त्यांनी मोबाइल काढला आणि सबंध लेख, भाषांतर करत करत, भर बैठकीत वाचायला घेतला. लोक गंभीरपणे ऐकत होते. निष्कर्षाला काही म्हाताऱ्यांनी मान डोलावली. त्या मानेच्या भरात राटुमो थांबायच्या जागी थांबले नाहीत आणि आयुष्यात पहिल्यांदाच शेवटच्या परिच्छेदात शिरले. तिथे संशोधकांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, की सोबत न रंगवलेली गुरं असताना हा उपाय चालल्याचं दिसलं. सगळीच रंगवली तर काय होईल ते सांगता येत नाही.

राटुमोंचा आवाज शेवटच्या वाक्यावर खाली आला. पण खोत्लात सगळ्यांचे कान चांगले होते.

"म्हणजे," कोसी सावकाश म्हणाल्या, "तुमच्या वाचण्यासाठी शेजारी कोरा लागतो."

"संशोधक तसं म्हणत नाहीत, कोसी. ते म्हणतात, शक्यता—"

"राडिनेओंचा बैल शक्यतेनं गेला का?"

हसू फुटलं ते आवरायला बराच वेळ लागला. निकाल असा लागला की रंगवायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही. आणि ज्यानं हे सुरू केलं त्यानं सगळ्यांना रंग पुरवावा. त्यानंतरचे शनिवार-रविवार राटुमो आपला शिक्का घेऊन वस्त्यावस्त्यांवर फिरले. आजवर ज्यांना ते मुलांच्या अभ्यासाबद्दल सल्ला देत त्या पालकांच्या गुरांच्या मागे ते वाकून उभे राहिले, आणि पालकांनी त्यांना सल्ला दिला. डावीकडे घ्या सर. उजवा डोळा तिरळा झाला सर. काम्वांगा मात्र खुलला होता. त्याच्या पापण्यांना मागणी आली. सगळी गुरं रंगून झाल्यावर प्रश्न उरला तो सिंहाचा. आता तो कुणाकडे जाणार? गुराख्यांनी हिशेब केला, की वस्तीवर मागे डोळे नसलेला एकच प्राणी शिल्लक आहे, आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापले कोट घेऊन राटुमोंपुढे रांगेत उभे राहिले. सिंह त्या दिवसांत फिरकलाच नाही. राडिनेओंच्या मते तो कुठेतरी बसून शेवटचा परिच्छेद वाचत होता.

महिनाअखेर जवळ आली. गाई सेहितव्याला न्यायच्या तर पशुवैद्यक कार्यालयाचा परवाना हवा. त्या भागात गुरांना लाळ-खुरकताच्या साथीची भीती असते, त्यामुळे गाय घराबाहेर काढणं मुलगी घराबाहेर काढण्यापेक्षा अवघड. तपासायला आल्या त्या मिस केडिसांग. राटुमोंची जुनी विद्यार्थिनी. राटुमोंना बरं वाटलं. मिस केडिसांगनाही वाटलं असावं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. त्या गाईंच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि बराच वेळ तिथेच राहिल्या.

"सर, मालकीची डागणी कुठाय?"

"डाव्या पुठ्ठ्यावर."

"डाव्या पुठ्ठ्यावर डोळा आहे."

"डोळ्याच्या आत आहे. बुबुळाच्या खाली."

मिस केडिसांगनी वाकून बघितलं. छपराचा रंग जाड असतो. "दिसत नाही, सर. डागणी दिसल्याशिवाय गाय तुमची आहे हे मला कसं कळणार?"

"तू मला दहा वर्षं ओळखतेस."

"तुम्हाला ओळखते. गाय तुमच्या वर्गात नव्हती." त्यांनी अर्ज उघडला. "आणि ओळखीच्या खुणा ह्या रकान्यात काय लिहू?"

"डोळे लिही."

"डोळे सगळ्याच गाईंना असतात."

"मग चार डोळे लिही."

"चार लिहिलं तर मुख्य कार्यालयातून मलाच विचारतील, ही काय पिऊन गेली होती म्हणून." मिस केडिसांगनी अर्ज मिटला. "रंग काढा, सर. नियम म्हणजे नियम. भूगोलाच्या पेपरला मी पट्टी विसरले होते तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात."

रंग काढायचे प्रयत्न झाले. साबण झाला, रॉकेल झालं, वाळू झाली. राडिनेओंनी खुर्चीतून चरबी सुचवली, तीही झाली. गाई तेवढ्या चकचकीत झाल्या. रंग आपल्या शब्दाला जागला. शुक्रवार उजाडला तेव्हा टुमोनं पहिल्यांदाच वडिलांना सरळ विचारलं, "बाबा, लग्न पुढच्या वर्षी का पाच वर्षांनी?" राटुमोंना त्या वेळी एकही निष्कर्ष आठवला नाही. 

मार्ग काढला तो माटुमोंनी. "रंग केसांवर आहे ना? मग केस काढू. ऑपरेशनच्या आधी माणसांचे काढतेच मी." त्या ड्यूटीवरून तशाच आल्या होत्या. त्यांनी प्रत्येक गाईच्या डाव्या पुठ्ठ्यावरच्या डोळ्यातून एक आडवी, स्वच्छ पट्टी भादरली, आणि आठही ठिकाणी पट्टीच्या आत डागणी स्पष्ट दिसली. मिस केडिसांगनी ती वाचली, शिक्का मारला आणि जाताना म्हणाल्या, "लग्नाला बोलवा, सर." राटुमोंचे डोळे भरून आले. त्या गडबडीत सगळ्यांचं लक्ष डागणीकडे होतं. डोळ्याकडे कुणाचंच नव्हतं.

ते गेलं मामांचं, तेही वाटेत. पहाटेच्या अंधारात गाई पुढे ट्रकमध्ये होत्या, मागून मामांची पिकअप होती, आणि पिकअपच्या दिव्यांचा झोत ट्रकच्या मागच्या फळ्यांमधून सरळ गाईंच्या पुठ्ठ्यांवर पडत होता.

"दाजी," मामा म्हणाले, "ह्या डोळा मारतायत."

"कोण?"

"तुमच्या गाई."

"भास होतोय तुम्हाला. झोप झाली नसेल."

"एक असती तर भास म्हटला असता."

राटुमोंनी बघितलं. उजवा डोळा टपोरा उघडा, डावा आडव्या रेघेनं मिटलेला. काम्वांगाची पापणी जिथे होती तिथे तर फारच लाडिक. मागच्या सीटवरून माटुमो म्हणाल्या, "मी फक्त भादरलं. डोळा त्यांनी स्वतःच मारला."

"आता कुणी काही बोलायचं नाही," मामा म्हणाले. "आणि दाजी, तुम्ही तर बिलकूलच नाही. बापानं देजाच्या वेळी तोंड उघडायचं नसतं हा रिवाज आहे. खास तुमच्यासाठी केल्यासारखा आहे."

सेहितव्याला पोचले तेव्हा तांबडं फुटत होतं. मुलीकडचे पुरुष कोट घालून वाड्याच्या फाटकाशी उभे होते, बायका खांद्यावर शाली पांघरून एका बाजूला. त्यांच्या पुढे आत्याबाई. ठेंगण्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या. फाटक उघडलं, गाई एकेक करून आत शिरू लागल्या, आणि बायकांनी आनंदाची ललकारी दिली. पहिल्या गाईला ललकारी चांगली जोरात झाली. पण आत शिरणारी गाय बाहेरच्या माणसाला तोंड दाखवत नाही. तिसऱ्या गाईपासून आवाज विरळ झाला. आठवी आत गेली तेव्हा शांतता होती आणि आठही गाई पाठमोऱ्या, पाणवठ्याशी ओळीत उभ्या होत्या.

आत्याबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "बासुपी, ह्या गाई माझ्याकडे बघून डोळा का मारतायत?"

"त्याचं असं आहे," राटुमो म्हणाले, "संशोधनात असं आढळून—" मामांचा बूट त्यांच्या पायावर आला.

मामांनी टोपी काढली. त्यांनी आजवर पुष्कळ लग्नं जुळवली होती आणि त्यातली काही जुळण्यासारखी नव्हती. "आत्याबाई, गाई कुणीही आणतं. आम्ही अशा आणल्यात की ज्यांच्या वाटेला सिंह जात नाही. मागून आला तर त्याला वाटतं, ही बघतेय. शहाण्या लोकांनी चार वर्षं तपासलंय. तुमची मुलगी आमच्याकडे सुखरूप राहणार, तर आमच्या गाई तुमच्याकडे सुखरूप राहायला नकोत?"

पुरुषांत कुजबूज झाली. दोन काकांनी पाणवठ्यापर्यंत जाऊन पुठ्ठे न्याहाळले आणि चांगला शेरा घेऊन परत आले. आत्याबाई हलल्या नाहीत.

"सिंह ह्यांना खात नाही?"

"एकीलाही नाही."

"मग उपाशी जातो?"

 राटुमोंना पुढचा प्रश्न पाठ होता. हाच पेपर खोत्लात त्यांना सोडवता आला नव्हता.

"आमच्या वाड्यात दीडशे गुरं आहेत," आत्याबाई म्हणाल्या, "आणि एकाच्याही मागे डोळा नाही. म्हणजे तुम्ही आठ गाई दिल्यात, आणि त्याबरोबर सिंहाला आमच्या दीडशेंचं जेवण दिलंत. ह्याला देज म्हणू का दरोडा?"

काकांनी वर बघितलं. कुणीतरी फाटकाच्या कडीला हात घातला. राटुमोंच्या डोळ्यांपुढे टुमो आला, घरी अंगणात, इस्त्रीचा शर्ट घालून, मोबाइल हातात धरून उभा असलेला. आता सगळं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आधी तो आधार वाटला. मग त्या हातानं त्यांना सावकाश पुढे ढकललं.

"आत्याबाई," मामा म्हणाले, "एवढा विचार आम्ही केला नसेल असं वाटलं तुम्हाला? म्हणून तर रंगवणारा सोबत आणलाय. मुलाचा बाप आहे. उपमुख्याध्यापक आहे. दीडशेच्या दीडशे रंगवून देईल, आणि पुढे वासरं होतील तीसुद्धा. रंग त्याचा."

राटुमोंनी बायकोकडे बघितलं. माटुमो शालीची घडी नीट करत होत्या. ऑपरेशनला निघालेल्या पेशंटला त्या ज्या नजरेनं धीर देत, तशा नजरेनं त्यांनी एकदाच नवऱ्याकडे बघितलं. बोलायला बापाला परवानगी नव्हती, आणि बोलता आलं असतं तरी लग्न मोडल्याशिवाय बोलता येईल असं एकही वाक्य त्यांना सुचत नव्हतं.

आत्याबाई त्यांच्याभोवती एक चक्कर मारून आल्या. खांदे बघितले, हात बघितले, कोटाची मागची बाजूही बघितली.

"ठरल्या होत्या आठ," त्या म्हणाल्या. "हा नववा आम्ही मागितला नव्हता. पण आणलाच आहात तर राहू द्या."

ललकारी पुन्हा उठली, या वेळी अडखळल्याशिवाय. काकांनी फाटक उघडलं. राटुमोंनी कोटाचं बटण लावलं आणि गाईंच्या मागोमाग आत गेले.

"कडी नीट लाव रे," आत्याबाई म्हणाल्या. "नवीन जनावर पहिल्या दिवशी घराकडे पळायला बघतं."